बिनलोकरीची मेंढरं

आक्का, तुम्हाला जायचंच होतं, तर नाताळची सुट्टी उरकून गेला असतात तर काय बिघडलं असतं? उन्हाळ्यात जायचं. पावसाळ्यात जायचं. सगळं वर्ष मोकळं पडलं होतं. पण नाही. डिसेंबर लागला, बाजारात बोरं आली, ओवी "आजी, मेंढरं कवा करायची" म्हणत तुमच्या पदराला लोंबकळायला लागली, आणि तुम्ही दुपारची जेवणं झाल्यावर "जरा पडते गं शोभे" म्हणून आडव्या झालात त्या झालातच. सवयच होती तुम्हाला ती. घरात पापडांचा घाट घातला की तुमची कंबर धरायची, पाहुणे येणार म्हटलं की तुमचं देवगावला जाणं निघायचं. एवढं मोठं काम मात्र कुणाला न सांगता, कुणाची मदत न घेता एकटीनं उरकलंत.

मागे आमचं काय होतंय ते बघायला तुम्ही नाही, म्हणून सांगते. गारखेड्याच्या या घराच्या जिन्यावरून दिवसभर माणसं चढतात-उतरतात. खाली तुमच्या घरात बसून झालं की वर माझ्याकडे येतात. नवीन कुणी असलं की विचारतात, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी सांगते, धाकटी जाऊ. मग ते "अरेरे" करतात आणि म्हणतात, "बहिणीसारख्या असाल नाही?" यावर काय बोलावं सांगा. बहिणीशी मी इतकं भांडले असते तर आईनं दोघींना घराबाहेर काढलं असतं.

आणि ही माणसं येताना रिकाम्या हातानं येत नाहीत. चहापत्ती, साखर आणि बिस्किटांचे पुडे. दुःखाच्या घरी न्यायचं म्हणजे हेच, हे मला मान्य आहे, पण तुमच्या फडताळात आता डाळीचे डबे ठेवायला जागा नाही. पुडा आला की ओवी तो उचलून कानाशी हलवते, उलटासुलटा करून बघते आणि मनीषाला विचारते, "मम्मी, यात मेंढरं हायेत का?" नाहीत म्हटलं की पुडा खाली ठेवते. पाच वर्षांचं लेकरू. तिच्या लेखी आजी गेली ही एक गोष्ट आहे, आणि सुट्टी लागली की घरात मेंढरं होतात ही दुसरी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? तुमच्या मुलानं तोंडाला कुलूप लावलंय, आणि सुनेचं तुमच्या काळातच कोण ऐकत होतं!

संतोषचं ऐका. तेराव्याला पंगत उठली, भाऊबंद पानं खात बसले होते, आणि हा मधोमध उभा राहून म्हणाला, "आईचं वरीस होस्तोवर ह्या घरात गोडधोड व्हनार नाय. सांगून ठेवतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. देवगावच्या चुलत सासूबाईंनी तर "लेक असावा तर असा" म्हणून डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, बाबा, तळण नको, पुरण नको, कबूल. पण ओवीच्या मेंढरांचं काय? तर मला म्हणतो, "काकू, आईचं आईसंगं गेलं. ते काढू नका आता." आणि चितेगावच्या कंपनीत शिफ्टला निघून गेला. चहासुद्धा बिनसाखरेचा पितोय तो, आक्का. तुमचा मुलगा शोभतो. दुःखसुद्धा हट्टानं करतो.

मला राग आला तो याचा की ही मेंढरं मुळात आली कुठून, हे तो सोयीस्कर विसरला. तो तेव्हा आठेक वर्षांचा होता, विसरायचं वय नव्हतं.

सासूबाईंच्या वर्षातलीच ना ती? त्या दिवाळीच्या तोंडावर गेल्या, म्हणजे दिवाळी नाही, फराळ नाही, कढई चढवायची नाही. तुमचा संतोष आणि माझी रश्मी शेजाऱ्यांकडून आलेल्या चकल्या मोजूनमापून खात होते. तेवढ्यात नाताळ आला आणि माझ्या शाळेतल्या ग्रेसबाईंनी छावणीतल्या त्यांच्या घरून ताट पाठवलं. चांदण्या, घंटा, छोटी छोटी झाडं, वर गुलाबी आणि पांढऱ्या साखरेची नक्षी. लेकरांचे डोळे फिरले. एका मिनिटात ताट साफ, आणि नंतर जमिनीवर लोळण. आम्हाला पण कर, आत्ता कर. मी मोठ्या समजूतदारपणे सांगत बसले की बाळांनो, आजीचं वर्ष आहे. तुम्ही चुलीपुढची राख झटकावी तसा हात झटकलात आणि म्हणालात, "कढई नाय चढवायची म्हनलंय शोभे. कुकराचं कुनी बोललंय का?"

मी तुम्हाला सांगितलं होतं की कुकरात भाजायचं तर तळाला मीठ घालतात. ग्रेसबाईंनीच मला ते सांगितलं होतं. "मीठ काय जाळायची चीज हाय?" असं म्हणून तुम्ही समोरच्या बांधकामावरच्या ढिगातून पदरात वाळू घेऊन आलात. चाळलीत, धुतलीत, गच्चीवर वाळवलीत. इतका उद्योग करण्यापेक्षा मीठ स्वस्त पडलं असतं, पण तुम्हाला कोण सांगणार. दोन वाट्या मैदा, वाटी पिठीसाखर, वाटी तूप, इथवर सगळं ग्रेसबाईंनी सांगितल्याप्रमाणे. मग तुम्ही माझी पाठ फिरल्याचं बघून त्यात मूठभर ज्वारीचं पीठ टाकलंत. निव्वळ मैदा लेकरांच्या आतड्याला चिकटतो म्हणे. त्या ज्वारीपायी गोळा जो भुगा व्हायला लागला तो शेवटपर्यंत. आणि कुकरची शिट्टी काढलीत, पण झाकणाची रबरी रिंग काढायची राहिली. त्या पहिल्या घाण्याला रबराचा जो वास होता, तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. लेकरांनी तसाच खाल्ला.

मी चांदणी कापत होते, वाटीनं गोल करत होते. तुम्ही सुरी घेतलीत आणि मेंढी कापलीत. मी म्हटलं, आक्का, नाताळात चांदण्या करतात. तुम्ही म्हणालात, "आपून कुटं नाताळवाले? आपून मेंढरावाले." खरंच होतं ते. लग्न करून आलात तेव्हा तुम्ही सासऱ्यांच्या कळपामागे गंगापूरच्या रानापर्यंत चालत गेला होतात, पाल ठोकून राहिला होतात. मी शहागंजात वाढलेली, शिपायाची मुलगी. आपल्या जातीचा धंदा मला फक्त घोंगडीवरून ठाऊक. तरी एवढं मला तेव्हाही दिसत होतं की तुमच्या मेंढीचे पाय कुत्र्याचे होते.

पण मला आठवतो तो संतोष. नुसत्या पिठाची मेंढी, डोळ्याच्या जागी काळा तीळ, हातात घेऊन तो म्हणाला, "आई, हिला लोकर काहून नाय?" ग्रेसबाईंच्या चांदण्या कशा नटलेल्या होत्या, त्याला तसं हवं होतं. आणि वर काही लावायचं म्हणजे सण झाला, नटवणं झालं. ते त्या वर्षी बसत नव्हतं. मी गडबडले. तुम्ही पोळपाटावरून मान वर न करता म्हणालात, "कातरली. आजीचं वरीस हाय न. वरीस सरलं की येतीया." आणि पोरगं गप्प बसलं! मेंढ्या कातरतात, मग लोकर पुन्हा येते, यात त्याला काहीच गैर वाटलं नाही. मी बी.एड. झालेली बाई. माझ्या सगळ्या समजुतींपेक्षा तुमची ती थाप चालली, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

चुलत सासूबाई तेव्हाही आल्या होत्या. त्या नेमक्या वेळेला येतात. "सुतकाच्या घरात ह्ये काय मांडलंय?" म्हणून कपाळाला हात लावला. तर तुम्ही म्हणालात, "बिस्कुटं हायेत. तुमी सोता भेटायला आल्या तवा दोन पुडे आनले व्हते न? ते चाललं, आन् ह्ये नाय चालत? निस्तं घरचं हाय एवढंच."  नंतर त्यांनी दोन खाल्ली, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या वर्षी लोकर आली. आता बंधन नव्हतं म्हणून तुम्हाला घाई. खोबऱ्याचा कीस मेंढरांवर दाबलात आणि तशीच कुकरात ठेवलीत. मी ओरडले, आक्का, आधी भाजून घ्या, मग साखरेच्या पाकानं चिकटवा. पण माझं ऐकलंत तर तुमचं नाव आक्का कसं? झाकण उघडलं तर आतली सगळी मेंढरं कोळशासारखी. मला हसू आवरेना. तुम्ही एक हातात घेतलीत, फुंकर मारलीत आणि म्हणालात, "काळी मेंढी गं शोभे. घोंगडीला काळीचीच लोकर लागती. पांढरीला कोन इचारतंय?" असा माणूस हरणार कसा! पुढच्या घाण्याला मात्र गुपचूप पिठीसाखरेत दुधाचे थेंब घालून कालवलंत, भाजलेल्या मेंढरांवर ते माखलंत आणि वर खोबरं भुरभुरलंत. मी सांगितलं म्हणून नव्हे. तुम्हालाच सुचलं म्हणून.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हेच. किती साधं काम होतं. दुपारी सुरू केलं तर दिवेलागणीला संपावं. तुमच्यामुळे ते दोन-दोन दिवस चालायचं. पाय मोडायचे, कारण ज्वारी. मोडले की तुम्ही "लंगडी आधी खायाची, धडाची कळपात" हा कायदा लावायचात. मग पोरं काय करणार? मुद्दाम पाय मोडायची. मी एकदा बिटाचा रस घालून गुलाबी रंग केला तर तुम्ही म्हणालात, मेंढराला खरूज झालीय. हळदीचा पिवळा केला तर तुम्हाला वासच आला. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या लावल्या तर "गोचिड्या" म्हणालात. मी वर्षानुवर्षं एक चांदणी मधे घुसवत राहिले आणि तुम्ही वर्षानुवर्षं ती सगळ्यात आधी खाऊन टाकत राहिलात.

ह्यांच्या वर्षाचं मात्र मी तुमच्याशी कधी बोलले नाही. आता बोलते.

हे गेले तेव्हा रश्मी पंधरा दिवस राहून पुण्याला परत गेली. जाणं भाग होतं, तिची नोकरी. मी वर एकटी. शाळेतूनही निवृत्त झालेली. सकाळी उठायची, खुर्चीत बसायची, दुपारी लक्षात यायचं की पोटात काही नाही. तुम्ही खालून ताट पाठवायचात, मी झाकून ठेवायची. मग नाताळची सुट्टी आली आणि एका सकाळी तुम्ही धापा टाकत जिना चढून आलात. एका काखेत कुकर, दुसऱ्या हातात वाळूचा डबा. "माझा ग्यास संपलाय. हितं करते." खोटं बोलत होतात. खाली दोन भरलेल्या टाक्या होत्या, मला ठाऊक होतं. मी म्हटलं, करा काय करायचं ते, मला नका बोलावू. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून पीठ मळलंत आणि जे काही लाटायला लागलात, आक्का, ते मला बघवेना. एकीकडे कागद, एकीकडे भाकरी. मेंढी उचलली की तीन तुकडे. एवढी वर्षं करणारी बाई, आणि हे? दोन-चार वेळा सहन केलं. मग उठले, "सरका तिकडे" म्हणाले आणि लाटणं हातातून काढून घेतलं. तुम्ही निमूट सरकलात. संध्याकाळपर्यंत मी लाटत होते, तुम्ही कापत होतात. त्याही वर्षी मेंढरं कातरलेलीच. चहात बुडवून खाल्ली. मग तुम्ही म्हणालात, "भाकर टाकू का? पिठलं हाय." आणि मी हो म्हटलं.

तुम्ही मुद्दाम वाईट लाटत होतात का? मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "मला काय कामं नाय व्हय" म्हणून फटकारलं असतंत, म्हणून विचारलं नाही. आभार मानायची तर आपल्याकडे पद्धतच नाही. पण त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी त्या खुर्चीतून उठले नसते. हे तुम्हाला माहीत असणार. तरी मी सांगायला हवं होतं.

बरं, असं काही चांगलं आठवायला जावं तर लगेच तुमची गेल्या वर्षीची थेरं आठवतात. रश्मीनं मला पुण्याहून ओव्हन पाठवला, सोबत मेंढीच्या आकाराचा साचाही. मी केवढ्या हौसेनं एक घाणा काढला. एकही पाय मोडला नाही, एकही करपली नाही, रंग कसा बदामी. ताट घेऊन खाली आले. तुम्ही चष्मा लावलात. एकेक उचलून बघितलीत. आणि म्हणालात, "समद्या एकाच मायच्या दिसत्यात गं. कळपात दोन मेंढरं सारकी नसत्यात. ह्या कुटल्या रानातल्या?" मी म्हटलं, खाऊन बघा. खाल्लीत. "पीठ चांगलं हाय," म्हणालात. पीठ! मी दळलं नव्हतं ते पीठ, दुकानातून आणलं होतं.

त्यावरून आपली जुंपली. शेवटी असं ठरलं की पुढच्या सुट्टीत एकाच गोळ्याचे दोन भाग करायचे, एक तुमच्या वाळूत, एक माझ्या ओव्हनमध्ये, आणि ओवी सांगेल कुठली चांगली. तुम्ही मांडीवर थाप मारून "व्हय, लाव पैज" म्हणालात. मी वर्षभर मनात तयारी केली, आक्का. किती अंश, किती वेळ, सगळं. आणि तुम्ही मैदान सोडून गेलात. आता मी काय समजायचं? मी जिंकले? तुमच्या फोटोला हार घालून म्हणू, बघा, बदामी रंग? समोर कुणी चिडणारं नसेल तर जिंकून करायचं काय?

बाराव्या रात्री तुमच्या खोलीत पीठ पसरून त्यावर टोपलं झाकलं होतं. सकाळी सगळे वाकून बघायला लागले, कशाचं पाऊल उमटलंय, तुम्ही कुठल्या जन्माला गेलात म्हणून. चुलत सासूबाई म्हणाल्या गाय. संतोषचा मामा म्हणाला चिमणी. मला तर तिथे काहीच दिसलं नाही. तुम्ही आयुष्यभर पिठावर धडाचं काही कापलं नाहीत, तर जाताना कुठून नीट उमटवणार! मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. बायका म्हणाल्या, जावेचा किती जीव होता बघा. 

सुट्टी लागली. ओवी रोज वर यायची, ओव्हनच्या काचेतून आत बघायची आणि खाली जायची. विचारणं तिनं सोडलं होतं. लेकरानं विचारणं सोडलं की ते वाईट. मी स्वतःला म्हटलं, मुलगा त्यांचा, नात त्यांची, घराचे नियम त्यांचे, मला काय पडलंय? रश्मी तर रोज फोन करते की वरचा मजला भाड्यानं दे आणि इकडे ये. गेले असते. ही मेंढरं तुमच्याबरोबर संपली असती, आणि संतोषला तेच हवं होतं.

पण मला तुमचा राग आला. एवढी वर्षं माझं डोकं खाऊन घरात एक रीत आणलीत, आणि तुमच्या मुलाच्या एका वाक्यावर ती मोडू द्यायची? ते काही मला जमेना. मी खाली गेले आणि मनीषाला म्हटलं, "कुकर दे. आणि वाळूचा डबा." ती एकदम घाबरली. "काकू, ह्यांनी नाय म्हनलंय. मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, "सांग की बिस्किटं केली. भेटायला येणाऱ्यांचे पुडे चालतात, मग घरची का नाही?" तुमचंच बोलणं, आक्का, जवळपास जसंच्या तसं. माझ्या तोंडून ते निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मनीषानं स्टूल लावून माळ्यावरून डबा काढला. मग दाराला कडी घालून ओवीला घेऊन ती माझ्या मागेच वर आली.

मी एकच गोळा मळला. ज्वारीचं पीठसुद्धा घातलं, पैज म्हणजे पैज. मनीषाला लाटायला दिलं. तुम्ही तिला इतक्या वर्षांत पिठाला हात लावू दिला नाहीत, आणि पोरगी इतकं एकसारखं लाटते! तुम्हाला ते बघवलं नसतं. मी सुरीनं कापली, साच्यानं नाही. पाय कुत्र्याचेच झाले. अर्धी ओव्हनमध्ये ठेवली आणि अर्ध्यांसाठी कुकर चढवला. रबरी रिंग मी दोनदा तपासून काढली. थोड्या वेळानं वाळू तापली आणि तिचा तो करपट, धुरकट वास स्वयंपाकघरात भरला. तोच वास. मी पोळपाट बाजूला सारला आणि खाली बसून रडले. मनीषाही रडली. ओवी आम्हा दोघींकडे बघत कच्चं पीठ खात होती.

घाणे निघाले. ओव्हनमधली सगळी बदामी. वाळूतली खाली लाल, वर फिक्कट, दोघींचे पाय मोडलेले. मी ओवीपुढे दोन ताटल्या ठेवल्या आणि विचारलं, सांग, कुठली छान? तिनं आधी लंगडी उचलली, कायद्याप्रमाणे. मग ओव्हनमधली. बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "दोनी सारकीच." वर्षभर वाट बघून हा निकाल! तुम्ही असतात तर पंच बदलायला लावला असतात.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. संतोष लवकर आला होता, खाली कडी बघून वर चढला. दारातच थांबला. ताटल्या बघितल्या, कुकर बघितला, ओट्यावरचा वाळूचा डबा बघितला. मनीषा भिंतीला चिकटून उभी. मी मनातल्या मनात भांडण मांडून तयार होते, सुतक, बिस्कीट, पुडा, सगळं ओळीनं. तो एक अक्षर बोलला असता तर मी त्याला सोडलं नसतं.

ओवी मेंढी घेऊन त्याच्याकडे धावली. "पप्पा, हिला लोकर काहून नाय?"

 संतोष दाराच्या चौकटीला धरून हळूच खाली बसला, बूट न काढता. मेंढी हातात घेतली, अंगठ्यानं तिच्या पाठीवरून फिरवत राहिला.  मग म्हणाला, "कातरली. आजीचं वरीस हाय न." आणि पुढे, "वरीस सरलं की येतीया." मग त्यानं ती खाल्ली. रडत रडत, घास तोंडात घेऊन, लहान मुलासारखी खाल्ली. दुसरी मागितली. मी वाळूतली दिली.

माझं भांडण तसंच राहिलं, आक्का. तुम्ही मला कुठलंच भांडण पुरं करू देत नाही.

ओवीचं मात्र समाधान झालं होतं. तिनं बाकीची मेंढरं ओळीनं डब्यात मांडली, झाकण लावलं आणि माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. "म्हंजी पुढच्या साली लोकर लावायची?" मी म्हटलं, हो. "खोबऱ्याची?" हो. मग माझा पदर ओढून, खाली वाकायला लावून, अगदी तोंडाशी तोंड आणून तिनं विचारलं, "तवा तू असशील न?"

मी असेन म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गेल्या वर्षी तिनं तुम्हालाही हेच विचारलं होतं, आणि तुम्हीही हेच म्हणाला होतात.